पेल्टियर क्युव्हेट होल्डर: पडद्यावरचा आकडा आणि क्युव्हेटमधलं तापमान

तरंगलांबी

नमस्कार मंडळी. पुण्यात एका रसायनशास्त्र विभागात यूव्ही-व्हिजिबल (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं) आणि फ्लुओरिमीटर (नमुना स्वतः किती प्रकाश सोडतो ते मोजणारं) ही दोन यंत्रं मी सांभाळते. दोन्हींवर पेल्टियरचा क्युव्हेट होल्डर आहे, म्हणजे द्रावणाची छोटी चौकोनी कुपी (क्युव्हेट) धरून ती विजेवर थंड-गरम करणारा धातूचा ब्लॉक. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, सेटपॉइंट (हवं ते तापमान) टाकतात, पडद्यावर ३७.० दिसलं की स्कॅन मारतात आणि वहीत '३७ अंश' लिहून मोकळे होतात. पण पडद्यावर दिसतं ते धातूच्या ब्लॉकचं तापमान. सेन्सर ब्लॉकमध्ये बसवलेला असतो, द्रावणात नसतो. आपला नमुना त्या क्षणी किती अंशांवर आहे हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोजायची सवय आपल्याकडे फार कमी ठिकाणी दिसते. म्हणून हा धागा.

आधी होल्डर चालतो कसा ते थोडक्यात. पेल्टियरनं १८३४ साली दाखवलं की दोन वेगळ्या वाहकांच्या जोडातून वीज गेली की जोड थंड किंवा गरम होतो. आजच्या होल्डरमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक ठोकळ्यांची चकती असते. प्रवाह एका दिशेनं सोडला की ब्लॉककडची बाजू थंड होते, उलटा केला की गरम. बाथचं पाणी फिरवण्यापेक्षा हे कितीतरी चपळ, म्हणून सगळीकडे लोकप्रिय.

यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. ब्लॉक थंड करताना ओढलेली उष्णता आणि वर चकतीला दिलेली सगळी वीज, दोन्ही मागच्या बाजूला उष्णता म्हणून बाहेर पडतात. ती वाहून नेण्यासाठी होल्डरमधून पाणी फिरतं. पाणी थांबलं की मागची बाजू तापते, मग पुढची बाजूही थंड होईना, कंट्रोलर आणखी प्रवाह देतो, ती आणखी तापते. चांगल्या कंट्रोलरमध्ये यासाठी कटऑफ असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाणी सुरू, परतीच्या नळीतून धार पडताना डोळ्यांनी पाहिली, मगच कंट्रोलर सुरू. बंद करताना उलटा क्रम: ब्लॉक खोलीच्या तापमानाला आणायचा, कंट्रोलर बंद, आणि शेवटी पाणी.

आता मुख्य मुद्दा. ब्लॉकपासून द्रावणापर्यंत उष्णता क्वार्ट्झच्या भिंतीतून जाते, आणि भिंत व ब्लॉक यांच्यामध्ये हवेची पातळ फट असतेच. शिवाय क्युव्हेटचा वरचा भाग ब्लॉकच्या बाहेर, खोलीच्या हवेत. त्यामुळे खोलीपेक्षा जितकं लांबचं तापमान मागाल, तितकी तफावत वाढते. आमच्याकडे २५ला फरक जवळजवळ नाही. ३७ला अर्ध्या अंशाच्या आत. ब्लॉक ९० दाखवतो तेव्हा आत ८८च्या आसपास. तुमच्या होल्डरवर आकडे वेगळे येतील, आणि यायलाच हवेत.

एक-दोन अंशांनी काय बिघडतं? सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूल असलेली अभिक्रिया घ्या. २५ अंशांच्या आसपास तिचा वेग दर अंशाला जवळपास ७ टक्क्यांनी बदलतो. वेगस्थिरांक तीन सार्थ अंकांत छापायचा आणि तापमान मात्र अंदाजे, हे मला पटत नाही.

मोजायचं कसं, तर बारीक थर्मोकपल किंवा थर्मिस्टर प्रोब, केसाएवढी वायर असेल तर उत्तम. क्युव्हेटमध्ये नमुन्याइतकंच पाणी, बीड (ढवळायचा चुंबकी मणी) टाकलेली, झाकण लावलेलं. प्रोबचं टोक प्रकाशाच्या वाटेच्या किंचित वर ठेवायचं. वाटेत आलं तर सिग्नल अडतो, पृष्ठभागाजवळ गेलं तर रीडिंग हवेकडे झुकतं. प्रकाश कुठल्या उंचीवरून जातो हे यंत्रावर अवलंबून, तळापासून ८.५, १५ किंवा २० मिलिमीटर या नेहमीच्या उंची. पांढऱ्या कागदाची पट्टी धरून ५५० नॅनोमीटरचा हिरवा ठिपका कुठे पडतो ते एकदा पाहून ठेवा. १० मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ३ मिलिलिटर म्हणजे ३० मिलिमीटरचा स्तंभ. गळ्यापर्यंत भरलेला क्युव्हेट म्हणजे वरचं थंड द्रावण स्टररनं सतत खाली आणणं, तेव्हा हात आखडता घ्या.

आणि ढवळा! न ढवळता भिंतीजवळ एक तापमान, मध्ये दुसरं. बीड इतक्या वेगानं फिरवा की द्रावण एकसारखं राहील पण भोवरा प्रकाशाच्या वाटेपर्यंत खाली उतरणार नाही.

पावसाळ्याबद्दल खाली लिहिते, तो स्वतंत्र विषय आहे. तोवर तुमचे अनुभव येऊ द्या.

बफरवाली

फार गरजेचा धागा, ताई. माझी एक भर. होल्डर अचूक चालला तरी बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) गडबड करतो. आमच्याकडे सर्रास ट्रिस वापरतात. ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचभोवती तो बफर काम करतो तो आकडा) दर अंशाला साधारण ०.०२८नं खाली येतो. २५ला पीएच ८.० केलेला ट्रिस ५ अंशांना ८.५ च्या वर जातो आणि ७५ला ६.६ च्या आसपास येतो. म्हणजे प्रोटीन तापवून उलगडतंय असं आपण म्हणतो, तेव्हा पीएचही सव्वा-दीड एककानं सरकलेला असतो. फॉस्फेटचा बदल याच्या दहाव्या हिश्शाइतका. मेल्टिंगसाठी, म्हणजे असं तापवून उलगडण्याच्या प्रयोगांसाठी, मी फॉस्फेटच घेते. कॅल्शियम असेल तर मात्र साका बसतो, तिथे दुसरा बफर शोधावा लागतो.

तरंगलांबी

+१, बफरवाली. आणि ट्रिसच वापरायचा असेल तर ज्या तापमानाला प्रयोग, त्याच तापमानाला पीएच लावा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोडही त्याच तापमानाला कॅलिब्रेट केलेला हवा.

आता पावसाळा. बेसलाइन (शोषणाच्या आलेखाची पायाची रेघ) हळूहळू वर चढते, सगळ्या तरंगलांबींवर जवळपास सारखी, आणि नमुना बदलला तरी तीच रड. अशा वेळी होल्डरचं झाकण उघडून क्युव्हेटच्या खिडकीकडे टॉर्च तिरका धरून पाहा. खालच्या दोन कोपऱ्यांत, जिथे काच ब्लॉकला टेकते, तिथे आधी बारीक धुकं धरतं, मग ते वर सरकतं. हे दव आहे.

हिशोब सोपा आहे. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २२च्या जरा वर. म्हणजे जुलैत खिडक्या उघड्या ठेवून २० अंशांचं साधं स्कॅनसुद्धा धुक्यातून घ्यावं लागतं. एसी चालू करून आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १५च्या आसपास येतो. मग २०चं काम बिनघोर, १०चं तरीही नाही. त्याखाली कोरडा नायट्रोजन होल्डरमध्ये सोडावाच लागतो. ब्लॉक थंड करायच्या *आधी* किमान पाच-दहा मिनिटं तो सुरू करा. धुकं धरल्यावर नायट्रोजन सोडला तर ते सुकायला खूप वेळ जातो.

नायट्रोजनचा झोत मंद ठेवा. जोरात सोडला तर क्युव्हेटच्या वरच्या भागावरून हवा वाहून तापमान हलतं. खोली लहान आणि बंद असेल तर हवा खेळती राहील हेही पाहा, कारण नायट्रोजन साचून ऑक्सिजन कमी झाला तर वासानं कळत नाही.

डीएनएवाल्यांसाठी एक युक्ती: २६०च्या जोडीला ३२० नॅनोमीटरवरही रीडिंग घेत जा. तिथे डीएनए शोषत नाही. ३२०ची रेघ वर गेली तर समजायचं की धुकं, बुडबुडे किंवा गुठळ्या यांपैकी काहीतरी आहे.

सिंधुसागर

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. यूव्ही आहे, एका प्रकल्पातून पेल्टियर होल्डरही आला, पण चिलर नाही आणि नायट्रोजनचा सिलिंडर वेळेवर येईल याची खात्री नाही. आर्द्रता तर विचारूच नका. आम्ही बादलीत पाणी ठेवून डेझर्ट कूलरचा छोटा पंप लावलाय. हे चालेल का, की यंत्राची वाट लागेल? आणि बादलीत बर्फ टाकावा का?

तरंगलांबी

सर, चालेल, आणि बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. पंप होल्डरच्या बारीक नळ्यांतून पुरेसं पाणी ढकलतो का तेवढं पाहा: परतीची नळी मापात धरून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजा आणि होल्डरच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून घ्या. बादली मोठी घ्या, म्हणजे पाणी लवकर तापणार नाही. पाणी डिस्टिल्ड. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी.

बर्फ फक्त अगदी खालचं तापमान हवं असेल तेव्हा. मागचं पाणी आणि ब्लॉक यांच्यात किती फरक पेल्टियर पेलू शकतो याला मर्यादा असते. मे महिन्यात टाकीचं पाणी ३५ अंशांचं असतं, त्यावर ५ अंश मागणं म्हणजे ३० अंशांचा चढ. तिथे बर्फाची खरी मदत होते. पण ६० किंवा ८० हवं असताना बर्फाचं पाणी फिरवलं तर पेल्टियर नुसता त्या गारव्याशी झगडत बसतो. शिवाय गार नळ्यांवर कोकणात धो धो दव धरेल आणि ठिबकून यंत्रात जाईल. नळ्यांवर फोमचं वेष्टन घाला आणि जोड यंत्राच्या बाहेर, खालच्या पातळीवर ठेवा.

नायट्रोजनऐवजी: फिशटँकचा हवेचा पंप, त्याची हवा निळ्या सिलिका जेलनं भरलेल्या उभ्या नळीतून होल्डरमध्ये. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर भाजून पुन्हा निळं करायचं. ५ अंशांसाठी हे कदाचित पुरणार नाही, पण १५-२०च्या कामाला नक्की पुरतं.

जुनाजाणता

यंत्र दुरुस्तीत आयुष्य गेलं, म्हणून चार शब्द. माझ्याकडे आलेल्या होल्डरमध्ये चकती जळण्याचं कारण बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत सापडायचं. नळाचं क्षारयुक्त पाणी, पारदर्शक नळीत ऊन पडून धरलेलं शेवाळ, जाळीत अडकलेला चिकटा. धार बारीक होत जाते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा पाणी बदला, नळ्या अपारदर्शक वापरा.

दुसरं, वीज. लाइट जाते, पंप थांबतो. लाइट येते, कंट्रोलर आपोआप जुन्या सेटपॉइंटवर धावतो, आणि पंप वेगळ्या प्लगवर बंदच राहिलेला. म्हणून पंप आणि कंट्रोलर एकाच पॉइंटवर घ्या. यूपीएसवर टाकायचं असेल तर दोन्ही टाका. नुसता कंट्रोलर यूपीएसवर आणि पंप थेट लाइनवर, ही सगळ्यात घातक जोडणी.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. इकडे हिवाळ्यात हीटरमुळे खोलीतली हवा इतकी कोरडी असते की दवाचा प्रश्नच येत नाही. पण बुडबुड्यांनी मात्र सतावलं. फ्रिजमधून काढलेला बफर थेट क्युव्हेटमध्ये घालून तापवला की ४०-५०च्या दरम्यान भिंतीवर मण्यांसारखे बुडबुडे धरतात आणि शोषणाचा आलेख पायऱ्या पायऱ्यांनी उडतो. कारण साधं आहे. ५ अंशांना पाण्यात लिटरमागे १२.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ला ८.३, आणि ५०ला साडेपाचच्या आसपास. जास्तीचा वायू कुठेतरी बाहेर पडणारच. बफर आधी व्हॅक्युममध्ये ढवळून डीगॅस करा, नाहीतर एकदा तापवून मग भरा.

एक मतभेद नोंदवतो. दर वेळी प्रोब घालायची गरज मला वाटत नाही. एकदा तक्ता करून ठेवला, सेटपॉइंट किती आणि आत किती, की वर्षभर तो वापरता येतो. प्रोबमुळे नमुना दूषित होण्याचीही भीती.

तरंगलांबी

दूरदेशी, तक्त्याला माझा विरोध नाही, आम्हीही करतो. पण तो वर्षभर चालेल असं मी म्हणणार नाही. आकारमान बदललं, मायक्रो क्युव्हेट अडॅप्टरमध्ये लावला, ढवळणं बंद केलं, क्वार्ट्झच्या जागी प्लॅस्टिकचा क्युव्हेट आला, खोली एसीची २२ अंशांची होती ती मे महिन्यात ३२ची झाली, यांतलं काहीही झालं तरी तक्ता जुना. पुण्यात खोलीचं तापमान वर्षभरात जितकं हलतं तितकं तुमच्याकडे हलत नसेल. आमच्याकडे प्रत्येक क्युव्हेट प्रकाराचा आणि ऋतूचा वेगळा तक्ता आहे. दूषित होण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मौल्यवान प्रोटीन असेल तर शेजारी तसाच क्युव्हेट नुसता बफर भरून ठेवायचा आणि प्रोब त्यात. चार जागांचा होल्डर असेल तर हे सहज जमतं.

स्थिर तापमानाला तक्ता चालतो, पण रॅम्प (तापमान ठरावीक वेगानं चढवणं-उतरवणं) चालू असताना तो अपुरा पडतो. समजा द्रावण ब्लॉकच्या एक मिनिट मागे आहे आणि रॅम्प मिनिटाला १ अंश. तापवताना नमुना ब्लॉकपेक्षा १ अंश खाली, थंड करताना १ अंश वर. दोन्ही आलेख ब्लॉकच्या तापमानावर काढले तर टीएममध्ये (अर्धे रेणू उलगडतात त्या तापमानात) २ अंशांची फट दिसते आणि लोक तिला रेणूंचा हिस्टेरिसिस (जाताना एक वाट, येताना दुसरी) समजतात. रॅम्प निम्म्यावर आणा. फट निम्मी झाली तर दोष बहुधा होल्डरच्या उशिराचा. तशीच राहिली तर रेणूंकडे बघा. प्रोबच्या तापमानावर आलेख काढला तर उशिराची फट मिटते.

दूरदेशी

हे मान्य. रॅम्पसाठी प्रोब हवाच. निम्म्या वेगाची चाचणी मी आमच्या गटात सुरू करतो.

हळदीउजेड

माझा प्रश्न फ्लुओरेसन्सचा. प्रोटीन २० पासून ८० पर्यंत तापवते, ट्रिप्टोफॅनची (प्रोटीनमधल्या चमकणाऱ्या अमिनो आम्लाची) तीव्रता सतत उतरत जाते. गाइड म्हणतात उलगडतंय. पण आलेखात पायरी दिसत नाही, नुसता उतार. होल्डरचा दोष समजू का?

तरंगलांबी

होल्डरचा दोष नाही, आणि नुसत्या उतारावरून उलगडणंही सिद्ध होत नाही. ट्रिप्टोफॅनचा फ्लुओरेसन्स तापमानाबरोबर आपोआप कमी होतो, कारण उत्तेजित अवस्थेला उष्णतेच्या वाटेनं खाली यायला जास्त वाव मिळतो. मोकळ्या ट्रिप्टोफॅनपेक्षा एन-असिटाइल-ट्रिप्टोफॅनअमाइड घेऊन त्याच बफरमध्ये, त्याच रॅम्पवर एक आलेख काढ. तो तुझा पायाचा उतार. प्रोटीनचा आलेख त्याच्याशेजारी ठेव. शिवाय तीव्रतेपेक्षा शिखराची जागा बघ. ट्रिप्टोफॅन प्रोटीनच्या आत असताना शिखर ३३० नॅनोमीटरच्या आसपास असतं, पाण्यात उघडं पडलं की ३५०कडे सरकतं. जागा सरकली नसेल तर गाइडना हे दोन आलेख शेजारी शेजारी दाखव, ते बघतील.

आणि ८० वरून परत २० ला आणून शेवटी एक स्कॅन घे. मूळ सिग्नल परत आला नाही तर बदल उलटण्याजोगा नाही, आणि मग त्यातून ऊष्मागतिकीचे आकडे काढता येत नाहीत. ही एक पायरी बरेच लोक गाळतात, फार वाईट वाटतं.

बफरवाली

वाढीव मुद्दा: ८० अंशांना बाष्पीभवन. झाकण घट्ट हवं. काही जण वरून सिलिकॉन तेलाचा पातळ थर देतात. पण ढवळत असाल तर तेल खाली ओढलं जातं आणि प्रकाश विखुरतो. आणि पाणी स्वतःही प्रसरण पावतं. २५ ते ९० दरम्यान घनता ०.९९७ वरून ०.९६५ वर येते, म्हणजे संहती तीनेक टक्क्यांनी कमी. शोषणात ती दुरुस्ती करावी.

खडूफळा

मी अकरावी-बारावीला शिकवतो. हे सगळं मुलांना दाखवायला काही सोपं आहे का? आमच्याकडे साधा कलरीमीटर आहे.

तरंगलांबी

आहे ना, आणि देखणं आहे. कोबाल्ट क्लोराइड पाण्यात गुलाबी, ५१० नॅनोमीटरच्या आसपास शोषतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल इतकं घाला की रंग जांभळट होईल. मग तापवलं की निळं, बर्फात ठेवलं की पुन्हा गुलाबी. पाण्याचे सहा रेणू सोडून चार क्लोराइड धरले जातात आणि ही अभिक्रिया उष्णता शोषणारी आहे. निळ्या रूपाचं शोषण ६०० ते ७०० दरम्यान. कलरीमीटरचा लाल फिल्टर लावून तापमान आणि शोषण यांचा आलेख मुलांकडूनच काढून घ्या. हातमोजे घाला, कोबाल्ट विषारी आहे; उरलेलं सिंकमध्ये ओतू नका.

थर्मामीटर तपासताना एक गोष्ट: बर्फाच्या लगद्यात ० धरा, तो बिंदू भरवशाचा. उकळत्या पाण्याला १०० धरू नका. पुण्यात समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर पाणी ९८ला उकळतं, महाबळेश्वरला ९५ च्या जरा वर. तेवढा दोष थर्मामीटरच्या माथी मारला जाईल.

सिंधुसागर

ताई, बादली, कूलरचा पंप, फिशटँकचा पंप आणि सिलिका जेल, सगळं जोडलं. खोली २८ अंशांची. तक्ता असा आला:

ब्लॉक १५, आत १५.५
ब्लॉक ३७, आत ३६.७
ब्लॉक ५०, आत ४९.२
ब्लॉक ६५, आत ६१.८

१५ला खिडकी कोरडी राहिली, हे पाहून फार आनंद झाला. शेवटचं रीडिंग बरोबर वाटतं का?

तरंगलांबी

सर, कोकणात पावसाळ्यात १५ला कोरडी खिडकी, वा! पहिली तीन रीडिंग एका सुरात आहेत: खोलीपासूनच्या अंतराच्या सव्वातीन ते चार टक्के. त्या हिशोबानं ६५ला ६३.६च्या जवळ यायला हवं. ६१.८ म्हणजे प्रोब वर सरकला असावा किंवा झाकण उघडं होतं. वायर कशानं धरली आहे?

सिंधुसागर

सेलोटेपनं. आत्ता पाहिलं, टेप उष्णतेनं ढिली पडून टोक जवळजवळ पृष्ठभागाशी आलंय. रबरी बुचाला भोक पाडून वायर त्यातून नेली, पुन्हा ६५ला लावलं, पंधरा मिनिटं थांबलो. ६३.५.

तरंगलांबी

आता हा तक्ता होल्डरच्या शेजारी भिंतीवर लावा, खाली लिहा: ३ मिलिलिटर, क्वार्ट्झ, ढवळत, खोली २८. डिसेंबरमध्ये पुन्हा काढा आणि इथे टाका. कोकणातले आणि पुण्याचे आकडे शेजारी ठेवून बघायला मला आवडेल.